वरच्या खोलीपर्यंत

आधीच सांगतो. हे घडलेलं आहे.

माझ्या मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या घरात घडलंय, आणि त्या गाडीत मी स्वतः बसून आलोय. विश्वास नसेल बसत तर वाचू नका. मी कुणाच्या गळी उतरवायला बसलेलो नाही. पण परवापासून मला नीट झोप नाही, म्हणून लिहून टाकतो.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नाही. सगळं दिवेलागणीला व्हायचं. गल्लीत माणसांची ये-जा असताना, शेजारच्या घरात टीव्ही चालू असताना. थंडी सरत आली होती, तेव्हाची ही गोष्ट.

घर गल्लीच्या अगदी टोकाला. गल्ली अरुंद आणि चढाची, दुसऱ्या गिअरशिवाय गाडी वर येत नाही. खाली अंगण, लोखंडी फाटक. आत जिना, जिन्याला मध्ये एक वळण. वर मागच्या बाजूला काकांची खोली. तिची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते.

म्हणजे त्या खोलीतून गल्ली दिसत नाही.

फक्त ऐकू येते...

काका म्हणजे दादाचे वडील. जन्मभर ट्रक चालवला. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात काका, दादा, वहिनी आणि दादाचा भाऊ. त्याला अख्खी गल्ली 'धाकटा' म्हणायची, मग मीही तेच म्हणतो.

दोघा भावांकडे डिझेल पिकअप. एकच कंपनी, एकच मॉडेल, रंगसुद्धा एकच. पण गाड्या मालकांवर गेल्या होत्या. दादा काच वाहतो. खिडक्यांच्या मोठमोठ्या काचा, मागे लाकडी चौकटीत उभ्या बांधलेल्या. त्यामुळे गाडी चालवतो ती अशी, की झोपलेलं मूल जागं होऊ नये. वहिनी चिडवायची, "ह्यांच्या पिकअपपेक्षा माझं शिलाई मशीन जास्त आवाज करतं."

धाकटा सळया वाहायचा. त्याला गाडीचं वेड. त्याने कमाई घालून गाडी रिमॅप करून घेतली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलून ताकद वाढवून घेतली. सायलेन्सर कापून जाड पाइप बसवला. पहिल्यांदा गल्लीत आला तेव्हा कुत्री पळाली, म्हाताऱ्या बाहेर आल्या.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इंजिन कारखान्यातून जसं आलं तसं वापरायचं असतं. त्याच्या नरड्यात हात घालायचा नसतो."

"तुम्हाला काय कळतंय आताच्या गाड्यांतलं?" धाकटा म्हणाला.

जन्मभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला हे ऐकवायचं? तिथेच बोलणं तुटलं. दोघंही एकाच मातीचे. वर्षभर एक अक्षर बोलले नाहीत. धाकटा वरच्या मजल्यावर पाऊल टाकायचा नाही, आणि काका त्याचं नाव घ्यायचे नाहीत.

पण एक होतं.

रोज संध्याकाळी धाकटा चढ चढून यायचा, फाटकापाशी गाडी न्यूट्रल करायचा, आणि एकदाच जोरात रेस द्यायचा.

घुंऽऽम...

मग इंजिन बंद.

वर काका पुटपुटायचे, "आला गाढव." आणि मगच म्हणायचे, "सूनबाई, वाढ."

तो आवाज ऐकल्याशिवाय म्हाताऱ्याने कधी घास तोंडात घातला नाही. खाली धाकटाही रेस दिल्याशिवाय कधी घरात शिरला नाही. त्यांचं वर्षभराचं बोलणं म्हणाल तर ते एवढंच.

मग काकांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशन झालं त्या दुपारी धाकट्याचा दादाला फोन आला. "दादा, आज जातो बाबांना भेटायला. आता बास झालं."

तो पोचलाच नाही. घाटातल्या वळणावर समोरून ट्रेलर आला... पिकअपचं काय उरलं ते मी पाहिलंय. ते लिहिणार नाही.

काका आयसीयूत होते. आम्ही धाकट्याला निरोप दिला, तेव्हा त्याच्या वडिलांना माहीतही नव्हतं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, "काही महिने त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये. बसला, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

म्हणून ठरलं. सांगायचं नाही.

दादा तोंड धुऊन, केस विंचरून दवाखान्यात गेला आणि वडिलांना म्हणाला, "धाकट्याला लांबची भाडी मिळालीत. पहाटे जातो, संध्याकाळी येतो." तो रडलाच नाही. घरी वडील, रस्त्यावर लोक. रडायला जागाच नव्हती त्याला.

काका घरी आले. पहिली संध्याकाळ. वहिनी स्वयंपाकघरात, दादा जिन्याखाली. दोघांच्या जिवाला घोर. आता आवाज येणार नाही... आता काका विचारणार...

दिवे लागले.

गल्ली शांत होती.

आणि वरून काकांचा आवाज आला,

"आला गाढव."

वहिनीच्या हातातली पळी पडली.

"सूनबाई, वाढ."

वहिनीने दादाकडे पाहिलं. "अहो... तुम्ही काही ऐकलंत?"

"नाही."

"मीही नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. खाली चिटपाखरू नाही, आणि वर काका खूश. उलट रोज दोन घास जास्तच जाऊ लागले. जेवण झालं की दाराकडे तोंड करून बसायचे. कसली तरी वाट बघत.

एकदा त्यांनी हळूच विचारलं, "खाली काही बोलतो का रे तो? वर येतो म्हणतो का?"

"दमलेला असतो हो," दादा म्हणाला. आणि खाली येऊन मोरीत चेहऱ्यावर पाणी मारत राहिला.

दादाने आपल्या मनाची समजूत घातली. मागच्या रस्त्याने कुठलीतरी गाडी जात असणार. औषधांनी माणूस अर्धवट गुंगीत असतो, त्याला तीच धाकट्याची वाटत असणार. पण ती गाडी उद्या गेली नाही तर? म्हातारा आवाजाची वाट बघत बसला, आणि आवाज आलाच नाही तर?



सकाळी तो पाइपवाल्याकडे गेला.

पाइपवाल्याचं गॅरेज हमरस्त्याला. सायलेन्सर आणि ट्यूनिंगचंच काम करतो, म्हणून हे नाव. छताला आकडे आणि आकड्यांना पाइप टांगलेले. धाकट्याची गाडी यानेच केली होती. दादाला पाहून त्याने ग्राइंडर बंद केला.

"माझ्या गाडीला त्याच्यासारखा आवाज करून दे," दादा म्हणाला. "हुबेहूब."

"दादा, तुम्ही काचा वाहता. सायलेन्सरचा डबा काढला की कंप वाढतो. काचा फुटतील."

"फुटू देत."

पाइपवाल्याने लॅपटॉप उघडला. "त्याचा मॅप आहे माझ्याकडे. तोच टाकतो. टर्बोचं प्रेशर थोडं वाढेल, चढावर गाडी हलकी वाटेल. मधला डबा काढून सरळ पाइप घालू, मागे लहान डबा ठेवू. पाइपाचं तोंड बाजूला, आणि जरासं वर."

"वर कशाला?"

पाइपवाल्याने लॅपटॉप मिटला.

"तुम्हाला माहीत नाही?"

"काय?"

"लोकांना वाटतं पोराला मिरवायचं होतं. दादा, भांडण झाल्यावर तो माझ्याकडे किती वेळा आला! पाइप बदल, तोंड फिरव, डबा बदल. मी वैतागलो. म्हटलं, बाबा रे, तुला हवंय तरी काय? तर म्हणाला, रस्त्यावर ऐकू नाही आला तरी चालेल. मागच्या बाजूच्या वरच्या खोलीपर्यंत पोचला पाहिजे."

दादा तिथेच टायरवर बसला. पण रडला नाही. रात्री डोळे लाल दिसले असते तर बाबांनी विचारलं असतं.

गाडी जॅकवर चढली. कापाकापी झाली, वेल्डिंग झालं. पाइपवाल्याने रेस देऊन दाखवली. भाऊ समोर येऊन उभा राहावा, असा तो आवाज होता.

"फक्त एक गोष्ट नाही जमायची," पाइपवाला म्हणाला. "त्याच्या इंजिनाचा एक स्टड, म्हणजे आवळायचा बोल्ट, तुटलेला होता, जिथून धूर बाहेर पडतो तिथला. त्या फटीतून टिक टिक टिक असं यायचं. मी दहादा म्हटलं, बसवून देतो. नको म्हणायचा. आता तेवढ्यासाठी तुमचा चांगला स्टड तोडू का?"

"राहू दे रे. वर खोलीत टिकटिक कुठली ऐकू येतेय?"

दादाची चूक झाली ती इथे.

त्या संध्याकाळी दादा चढ चढून आला. फाटकापाशी न्यूट्रल. एक रेस.

घुंऽऽम...

वहिनी वर काकांजवळ होती. तिने नंतर सांगितलं, काका ताडकन उठून बसले. मान वाकडी करून ऐकत राहिले. ऐकतच राहिले...

'आला गाढव' म्हणालेच नाहीत.

जेवले. पण दाराकडे पाठ करून.

त्यानंतर ते शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आले नाहीत. जेवण कमी झालं. आधी एक पोळी सुटली, मग भात सुटला. दादा रोज आणखी मनापासून रेस द्यायचा. दोन मोठ्या काचा तडकल्या, गिऱ्हाईक बोललं, तरी देत राहिला.

आणि मग त्याला ते जाणवायला लागलं.

फाटकापाशी इंजिन बंद केलं की... आवाज थोडा उशिरा बंद व्हायचा.

पहिल्यांदा वाटलं, भिंतींचा प्रतिध्वनी.

एकदा त्याने किल्ली काढून हातात धरली. इंजिन गप्प. आणि खाली, गल्लीच्या तोंडाशी...

टिक. टिक. टिक. टिक.

दादाने आरशात पाहिलं. गल्लीत कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने दिवा लावला होता. एक बाई पिशवी घेऊन चालली होती. गाडी नव्हती.

टिकटिक मात्र होती. एखादी गाडी चढाच्या पायथ्याशी चालू ठेवून कुणीतरी वाट बघत उभं राहावं, तशी. वर यायचं आहे, पण जागेवर दुसरंच कुणी उभं आहे...

मग ती थांबली. जळलेल्या डिझेलचा वास तेवढा चढ चढून वर आला.

दादा घरात शिरला. वरून हाक आली.

"वर ये. दार लाव."

काका उशीला टेकून बसले होते.

"ती गाडी तुझी आहे ना?"

"कुठली हो बाबा?"

"मला शिकवतोस? तिला टिकटिक नाही."

दादा खाटेच्या कडेला बसला.

"अरे, मला दवाखान्यातच कळलंय. शुद्धीवर आलो ती संध्याकाळ. काचा बंद, एसी चालू, सगळी यंत्रं टुणटुण करतायत. आणि माझ्या खाटेजवळ त्याने रेस दिली. अगदी इथे, कानाशी. मी सिस्टरला विचारलं, आवाज कसला? ती म्हणाली, आजोबा, इथे कसला आवाज? तेव्हाच समजलो मी. सकाळी तू केस विंचरून आलास. तू कधी केस विंचरतोस का रे?"

"बाबा..."

"तू माझ्यासाठी लपवत होतास. मी तुझ्यासाठी लपवलं. म्हटलं, पोराला तेवढाच धीर." काका खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत होते. "घरी आलो, तर रोज यायला लागला. फाटक वाजायचं. मग जिन्यावर पावलं. पहिल्या दिवशी खालच्याच पायरीवर थांबला. मग रोज जरा वर. वर्षभर आला नव्हता रे तो, आता यायला लागला होता. वळणापर्यंत आला होता. मी दाराकडे बघत बसायचो, आज येईल, उद्या येईल..."

त्यांचा आवाज फुटला.

"आणि तू तो पाइप बसवलास. त्या दिवसापासून तो गल्लीतच शिरत नाही."

दादाने वडिलांचे पाय धरले. म्हाताऱ्याला मुलगा मिळावा म्हणून धडपडला, आणि येत असलेल्या मुलाची वाट त्यानेच अडवली.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडायच्या आत दादा दारात हजर. "सगळं काढ. मॅप जुना टाक, डबा जुना लाव."

पाइपवाल्याने का म्हणून विचारलं नाही. काढलेला पाइप त्याने इतर पाइपांत टांगला नाही. पोत्यात गुंडाळून आत ठेवला.

त्या संध्याकाळपासून दादा गाडी काचेच्या गोदामातच ठेवायचा आणि चालत घरी यायचा. दिवे लागायच्या आत वर काकांच्या खाटेजवळ बसायचा. दोघं बापलेक कान टवकारून.

काहीच नाही.

पुढच्या दिवशीही नाही. त्याच्याही पुढच्या दिवशी नाही.

"रुसलाय," काका म्हणायचे. "माझ्यावर गेलाय."

त्यांचं अंग उतरत चाललं. वहिनी पेजेची वाटी घेऊन यायची आणि तशीच परत न्यायची. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, माणूसच मनातून खचलाय. दादा दरवाज्याला टेकून मनातल्या मनात भावाला विनवायचा, ये रे. माझ्यावर राग काढ, पण त्यांच्यासाठी ये.

मग एका संध्याकाळी...

शेजारचा टीव्ही मध्येच गप्प झाला.

खाली लांबवर, गल्लीच्या तोंडाशी... टिक. टिक. टिक.

दादाने वडिलांकडे पाहिलं. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

चढावर गिअर पडला. दुसरा. आवाज वर येत गेला. या वेळी दादालाही ऐकू येत होता, स्पष्ट, प्रत्येक ठोका. फाटकापाशी थांबला.

घुंऽऽम...

मग बंद.

फाटकाची कडी वाजली.

पावलं. अंगणात. जिन्यावर. सावकाश. लहानपणी मार खायला बोलावल्यावर धाकटा जसा यायचा, तसा एकेक पायरी रेंगाळत.

वळणापाशी पावलं थांबली.

किती वेळ गेला, दादाला सांगता येत नाही. खोलीत थंडी भरली. काकांचे ओठ हलत होते, पण वर्षभर गिळलेले शब्द चटकन बाहेर येईनात.

शेवटी ते म्हणाले,

"अरे... आवाज चांगला लागलाय हो गाडीचा."

पावलं हलली नाहीत.

"वरपर्यंत येतो. रोज ऐकायचो मी."

आणि पावलं वर आली. वळणावरून सरळ. थांबली नाहीत. धावत.

दार ढकललं गेलं. दारात कुणी नव्हतं. दादाने मान खाली घातली. त्याला बघायचं होतं, आणि बघवणार नव्हतं. गंजलेल्या सळयांचा आणि डिझेलचा वास आला. धाकटा घरी आला की यायचा, तोच. खाटेचं पायथ्याकडचं टोक करकरलं, आणि गादी दबली.

काकांनी हात पुढे केला. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे असेल, तिथे तो हवेतच थांबला. मग बोटं हळूहळू फिरायला लागली. केसांतून फिरावीत तशी.

"किती वाढलेत रे केस," काका म्हणाले.

दादा उठून जिन्यात गेला. त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं, त्याला एक स्पर्शही झाला नव्हता. तो वळणाच्या पायरीवर बसला आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा हंबरडा फोडून रडला. वहिनी खालून धावत आली. तिलाही त्या दिवशी सगळं ऐकू आलं होतं.

त्यानंतर जिन्यावर पावलं कधी वाजली नाहीत. काका सुधारले. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात, दोन पोळ्या खातात, वहिनीच्या भाजीला नावं ठेवतात.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण दादाने गाडी पुन्हा घरी आणायला सुरुवात केली. जुना डबा, जुना मॅप, शिलाई मशीनसारखा आवाज. आणि इंजिनातून...

टिक. टिक. टिक.

पाइपवाल्याने इंजिन उघडून पाहिलं. सगळे स्टड जागच्या जागी, फट कुठेच नाही. त्याने परत जोडलं आणि काम केल्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "दादा, मला पुन्हा उघडायला लावू नका."

इंजिन बंद केल्यावरही ती काही वेळ चालू राहते. दादा तोपर्यंत गाडीतून उतरत नाही. "आपण आधी उतरलो तर त्याला एकट्याला मागे सोडल्यासारखं होतं," म्हणतो.

आणि वरच्या खोलीत काका म्हणतात, "दोघंही आले. सूनबाई, वाढ."

मला हे सगळं दादाने सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. म्हटलं, दुःखात माणसाला काय काय भास होतात. आणि इंजिन गार होताना टिकटिक कुठलीही गाडी करते.

परवा संध्याकाळी मी गोदामापासून त्याच्याबरोबर पिकअपमधून आलो. पुढे सलग सीट आहे, तिघं मावतात. आम्ही दोघंच होतो. दादा स्टिअरिंगवर, मी मधल्या जागेवर, कारण दाराच्या बाजूच्या खिडकीतून गार वारा येत होता. गप्पा मारत चढ चढलो. फाटकापाशी दादाने किल्ली फिरवली.

टिक. टिक. टिक.

मी हसून काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात खिडकीकडे लक्ष गेलं.

काच वरपर्यंत बंद होती.

दादा समोर बघत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसत नव्हता. अगदी रोजचं बोलावं तसं हळू आवाजात तो मला म्हणाला,

"जरा इकडे सरकून बस. त्याला दाटी होतेय."

मी सरकलो.